ऊस शिरोळला, काजू चंदगडला: पिकअपला एटी टायर घालावेत की एमटी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी स्कॉर्पिओ गेटअवे, फोर बाय फोर. ऊस शिरोळ तालुक्यात, काजूची बाग चंदगड तालुक्यात. मागच्या हौद्यात कधी खताची पोती, कधी ठिबकच्या नळ्या, एप्रिल-मे मध्ये काजूबी. अधूनमधून अंबोली घाट उतरून सावंतवाडीची फेरी. टायर गुळगुळीत झालेत, पावसाळा तोंडावर आहे. एक दुकानदार म्हणतो एमटी (मड टेरेन, खास चिखलाचे) घाला, गाडी कुठेच अडणार नाही. मित्र म्हणतो २६५ मिलिमीटर रुंदीचे बसव, गाडी उंच होईल. तिसरा म्हणतो काहीही घे, पण दहा प्लायच घे.

माझं उत्तर आधीच सांगतो. एटी (ऑल टेरेन, डांबर आणि कच्चा दोन्हींसाठीचे) घ्या, एलटी (लाइट ट्रक) जातीचे घ्या, कंपनीने दिलेल्या २४५/७५ आर १६ याच मापाचे घ्या, आणि स्टेपनीसकट पाचही एकदम घ्या. एमटीचा नाद सोडा. आता कारणं. ती लांबलचक आहेत, कारण या प्रश्नात लोक नक्षीकडे बघतात आणि वजन विसरतात.

पिकअपचा टायर निवडायची सुरुवात वजनकाट्यावर होते. तुमच्या भागात साखर कारखाने आहेत, म्हणजे काट्यांना तोटा नाही. नेहमी भरता तेवढा माल भरा, टाकी फुल करा, सोबत जाणारी माणसं बसवा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन घ्या, मग पूर्ण गाडीचं. वजाबाकी केली की मागच्या धुरेवर (अ‍ॅक्सलवर) किती येतंय ते कळतं. आरसी बुकात रिकामं वजन आणि भरल्या गाडीचं कमाल वजन दोन्ही असतं, तेही शेजारी लिहा. युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५० चं, म्हणून ‘वीसच पोती टाकली’ म्हटलं की ९०० ते १,००० किलो झाले. त्यात दोन गडी मागे उभे राहिले, की हिशेब गेलाच.

समजा मागच्या धुरेवर १,८०० किलो भरले. एका टायरवर ९००. गेटअवेच्या मापाचा साधा, म्हणजे मोटारीच्या जातीचा टायर घेतला तर त्यावर बहुधा १०९ हा भारांक दिसेल. १०९ म्हणजे १,०३० किलो. वाटतं, १३० किलो शिल्लक आहेत. पण ज्या टायरच्या मापापुढे पी अक्षर असतं, तो मुळात मोटारीसाठी असतो. तो पिकअपसारख्या गाडीला लावला तर त्याची क्षमता १.१ ने भागून धरायची असा टायरवाल्यांचा नियम आहे. १,०३० चे झाले ९३६. शिल्लक राहिले ३६ किलो. अंबोलीच्या वळणावर गाडी कलली की बाहेरच्या चाकावर वजन ढकललं जातं, तिथे हे ३६ किलो कुठल्या कुठे जातात. भर उन्हात, कमी हवेवर, भरल्या गाडीने हायवेला टायर फुटतात त्यात अशा टायरांचा भरणा मोठा असतो. टायर खराब असतो असं नाही, त्याच्यावर त्याचं नसलेलं काम पडलेलं असतं.

म्हणून एलटी. हे लाइट ट्रकचं बांधकाम: आतले पट्टे जाड, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) जाड, आणि हवा जास्त घेण्याची ताकद. एलटी २४५/७५ आर १६ मध्ये लोड रेंज सी, डी, ई असे प्रकार येतात. आपल्याकडे यांनाच ६, ८ आणि १० प्लाय म्हणतात. आत खरोखर दहा थर असतात असं मात्र नाही. सुती धाग्याचे टायर होते तेव्हापासून चालत आलेली ती ताकदीची मोजणी आहे, आजच्या रेडियलच्या साइडवॉलमध्ये दोन नाहीतर तीनच थर असतात. सी प्रकार ५० पौंड (पीएसआय) हवेवर साधारण १,००० किलो उचलतो, डी ६५ पौंडांवर सुमारे १,१९०, आणि ई ८० पौंडांवर १,३८०.

आता तुमच्या तिसऱ्या सल्लागाराकडे येऊ. दहा प्लाय घेतला म्हणजे वजनाचा प्रश्न मिटला, असं नाही. वजन टायर उचलत नाही, त्यातली हवा उचलते. तोच दहा प्लायचा टायर ३५ पौंडांवर ठेवला तर जेमतेम ७७० किलोचा होतो. जुना साधा टायर ३५ पौंडांवर १,०३० चा (आणि कापून धरला तरी ९३६ चा) होता, हे लक्षात घ्या. म्हणजे जाडजूड, महागडा टायर घालून हवा जुन्याच सवयीने ३५ भरली, तर गाडी पूर्वीपेक्षा कमी वजनाला लायक झाली. ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही आणि पेट्रोल पंपावर हवा भरणारा पोरगा तर ‘स्कॉर्पिओ ना?’ म्हणून ठरलेला आकडा मारून मोकळा होतो.

तुमच्यासाठी ई ची गरज नाही. सी किंवा डी पुरे. ई चा टायर रिकाम्या गाडीला दगडासारखा लागतो, आणि गेटअवेची मागची पाट्यांची स्प्रिंग रिकामी असताना मुळातच उसळते. दुकानात फक्त ई च मिळाला तर घ्या, पण ८० पौंडांच्या मागे लागू नका. ट्यूबलेसला जो साधा रबरी व्हॉल्व्ह असतो तो ६५ पौंडांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो, आणि तुमची डिस्क (चाकाची रिम) किती दाब सोसते तेही बघावं लागतं.

मग हवा किती? वर धरलेल्या १,८०० किलोंना मागे ५० पौंड, पुढे ३५ ते ३८. डिझेल इंजिन पुढे असल्याने पुढची चाकं रिकाम्या गाडीतही बऱ्यापैकी भरलेली असतात, त्यामुळे पुढे फार बदल करायचा नाही. मागे मात्र दोन आकडे ठेवावे लागतात, भरलेला आणि रिकामा. माल उतरवून परतताना मागे ५० वरच राहिलात तर टायर मधोमध घासेल आणि ओल्या रस्त्यावर मागचं टोक हलकं होऊन सरकेल. रिकाम्यावर ३२ ते ३५. हे आकडे सकाळी थंड टायरला मोजायचे. शंभर किलोमीटर पळून आल्यावर चार-पाच पौंड वाढलेले दिसले तर ते उष्णतेने वाढलेत, तेव्हा हवा सोडायची नाही. काट्यावर तुमचं वजन वेगळं आलं तर टायर कंपनीचा हवा-वजनाचा तक्ता मागा. एलटी टायर विकणाऱ्या प्रत्येक चांगल्या कंपनीकडे तो असतो.

वजनाचं झालं. आता चिखल. ‘चिखल’ या एकाच नावाखाली तुमच्याकडे दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि एमटीचा निर्णय तिथेच होतो.

शिरोळची नदीकाठची जमीन खोल, काळी, चिकण. या मातीतला चिकणखनिजाचा भाग पाणी पिऊन फुगतो आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. पावसात ती टायरला धरते आणि सोडत नाही. एमटीची नक्षी नेमकी कशी चालते ते इथे समजून घ्यायला हवं. मोठे ठोकळे, मध्ये रुंद चर. ठोकळा चिखलात रुततो, मागे ढकलतो, चर चिखलाने भरतो, आणि चाक फिरताना तो चिखल बाहेर फेकला जाऊन पुढच्या फेरीला चर मोकळा मिळतो. यातला ‘फेकला जाऊन’ हा भाग चाकाच्या वेगावर चालतो. पातळ, पाणीदार चिखलात तो सहज होतो. काळ्या चिकण मातीत, पाणंदीच्या चालीच्या वेगाने, तो होत नाही. पाच-दहा फेऱ्यांत चर भरतात, टायरवर मातीचा गुळगुळीत पट्टा चढतो आणि तुमचा एमटी, शेजाऱ्याचा एटी आणि तिसऱ्याचा साधा टायर तिघेही सारखेच होतात. चाक वेगाने फिरवून माती फेकायला गेलात तर गाडी जागच्या जागी खड्डा खणते आणि धुरा टेकते.

त्यात शिरोळला पाणथळ आणि क्षारपड रानं आहेत. तिथे वरचा थर फोडून खाली गेलात तरी टणक तळ लागत नाही. एमटीचा अरुंद, खोल ठोकळा उपयोगी पडतो तो खाली कुठेतरी कडक थर असेल तेव्हा: वरचा राडा कापून तो त्या थराला धरतो. तळच नसेल तर कापणारा टायर उलट बुडतो. तिथे टायर पसरट हवा, दाब कमी हवा, म्हणजे वर वर राहता येतं. ट्रॅक्टर त्याच रानातून जातो, कारण त्याचं मागचं चाक प्रचंड व्यासाचं असतं आणि त्यात हवा पंधरा पौंडांच्या आसपास असते. तुमच्या पिकअपला सोळा इंची डिस्कवर ते कधीच जमणार नाही, कितीही भारी नक्षी घेतली तरी. जुलै-ऑगस्टमध्ये शिरोळच्या पाणंदीत पिकअप घालायचीच नाही, गाडी डांबरीवर उभी करायची आणि पोती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकायची, हे तिथलं खरं उत्तर आहे. त्यासाठी टायरवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

चंदगडचा चिखल निराळा. तिथे जांभा. वर लाल मातीचा दोन-चार बोटांचा निसरडा थर, खाली कडक, खडबडीत तळ. काही ठिकाणी उघडा कातळ आणि त्यावर पावसाळी शेवाळ. अशा ठिकाणी वरचा थर कापून खाली धरणारा टायर चालतो, आणि एटीला तेवढं नीट जमतं, कारण थर खोल नाही. एटीच्या खांद्यावरचे ठोकळे बऱ्यापैकी मोकळे असतात. कातळावर तर एटी एमटीपेक्षा सरस. ओल्या दगडाला खोल चरांचा उपयोग नसतो, तिथे जास्तीत जास्त रबर टेकायला हवं आणि त्या रबरावर बारीक चिरा हव्यात, ज्यांच्या कडा दगडाला पकडतात. एमटीवर अशा चिरा फार कमी असतात आणि जमिनीला टेकणारं रबरही कमी.

हेच ओल्या डांबरालाही लागू. तुमची गाडी वर्षभरात किती किलोमीटर डांबरावर चालते ते एकदा मनात मोजा. निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज करत चंदगडला जाणं-येणं हेच मुख्य चालणं, शेवटचे दोन-तीन किलोमीटर तेवढे कच्चे. त्या दोन किलोमीटरसाठी उरलेल्या सगळ्या रस्त्यावर लांब ब्रेक, कानाला भुणभुण, जड स्टिअरिंग आणि डिझेलचा जादा खर्च कशाला घ्यायचा? अंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. धुकं, वरून पाणी, समोर अचानक उभी राहिलेली बस. तिथे भरल्या पिकअपला थांबवणारा टायर हवा. मी घाटाखाली माल नेणाऱ्या कोणालाही एमटी सुचवत नाही, गाडी कितीही दणकट असो.

एमटी कोणाला द्यावा, तर ज्याची गाडी निम्म्याहून जास्त कच्च्यावरच असते त्याला. धरणाच्या, पवनचक्कीच्या किंवा खाणीच्या कामावरची गाडी, जिथे डंपरने खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि चाकोरीचा तळ टणक असतो. जंगलातल्या लाकूडवाटांवरची गाडी. अशांच्या साइडवॉललाही चाकोरीच्या भिंतीवर पकड लागते आणि एमटीच्या खांद्यावरून खाली उतरलेले ठोकळे तिथे खरंच कामाला येतात. कोणाकडे जागा आणि पैसे असतील तर जुन्या लोखंडी डिस्कवर एमटीचा वेगळा संच ठेवून जून ते ऑक्टोबर घालणं हाही शहाणपणाचा मार्ग आहे. पण तुमची पावसाळ्यातली धाव घाटाची आणि हायवेची, म्हणून तुम्हाला तोही नको.

एटी निवडताना नक्षी किती रांगडी दिसते यापेक्षा साइडवॉल बघा. तुमच्याकडे टायर मरतो तो चिखलाने मरत नाही. उसाच्या तोडणीनंतर रानात जे बुडखे राहतात ते तिरपे, वाळलेले आणि धारदार असतात. रिव्हर्स घेताना चाक त्यावर चढलं की टायर बाजूने कापतो. बाभळीचा काटा नक्षीतून आत जातो, त्याचं पंक्चर निघतं. साइडवॉलचा काप निघत नाही. कोणी गरम पॅच मारून ‘चालतंय की’ म्हणाला तरी भरल्या गाडीला तो टायर परत लावू नका. म्हणून तीन थरांचा साइडवॉल मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या. साइडवॉलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ट्रेडमध्ये किती थर, साइडवॉलमध्ये किती. दुकानात टॉर्च मारून वाचा. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

साइडवॉलवर एम+एस ही अक्षरंही दिसतील आणि त्याचा अर्थ ‘मड’ आहे म्हणून कोणी तुम्हाला पटवू पाहील. नक्षीची रचना ठरावीक मोकळी असली की ही खूण मारता येते, त्यासाठी चिखलातली कुठलीही परीक्षा नसते. डोंगर आणि हिमकणाचं चित्र असेल तर तो टायर बर्फावर तपासलेला आहे. चंदगडला त्याचं काय करणार?

दगडांचं मात्र बघा. आपल्याकडे कच्च्या रस्त्यावर काळ्या पाषाणाची फोडलेली खडी टाकतात, तिच्या कडा तीक्ष्ण असतात आणि ती चरात अडकून आत आत घुसत जाते. चराच्या तळाशी लहान उंचवटे असलेले टायर मिळतात, ते खडा बाहेर ढकलत राहतात. तसे नसले तर महिन्यातून एकदा जुन्या स्क्रू ड्रायव्हरने खडे उचकून काढा.

कंपनी कुठली? सिएट, एमआरएफ, अपोलो, योकोहामा या सगळ्यांच्या यादीत एटी प्रकार आहेत. तुमचं माप थारच्या एका मॉडेलला कंपनीकडूनच येत होतं, त्यामुळे २४५/७५ आर १६ मिळायला अडचण नसावी. पण दुकानात एलटी अक्षरं आणि भारांक स्वतः वाचून घ्या. थारसाठी म्हणून ठेवलेला टायर त्याच मापाचा असला तरी एलटीच असेल असं नाही, आणि थारच्या मागे वीस पोती नसतात. भारांक १०९ किंवा १११ दिसला तर तो मोटारीच्या जातीचा समजा. १०८/१०४ किंवा १२०/११६ असा जोडीचा आकडा दिसला तर एलटी. त्यातला पहिला आकडा एकेरी चाकाला, दुसरा दुहेरी चाकाला. तुमचं मागचं चाक एकेरी, म्हणून पहिला बघायचा. वेगाचं अक्षर एलटी एटीवर क्यू, आर किंवा एस असेल. क्यू म्हणजे ताशी १६०, पिकअपला भरपूर झालं.

परदेशी नावांचं आकर्षण असेल तर एक अडचण लक्षात ठेवा. जून २०२० पासून केंद्र सरकारने अनेक प्रकारच्या नव्या टायरांच्या आयातीला परवान्याची अट घातली. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या टायरांची काही मापं मध्येच गायब होतात. आज पाच मिळाले, वर्षाने एक कापला, आणि तसाच सहावा मिळाला नाही, तर फोर बाय फोर गाडीची पंचाईत होते. तुमच्या गाडीत फोर हाय (चारही चाकांना जोर देणारा गिअर) लावल्यावर पुढची आणि मागची धुरा एकमेकींना जखडल्या जातात, दोन्ही धुरांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नसतं. एक टायर नवा आणि बाकीचे झिजलेले असले की चाकांचा घेर वेगळा, प्रत्येक फेरीला थोडं अंतर कमी-जास्त, आणि तो सगळा ताण दोन्ही धुरांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर. निसरड्यावर चाक घसरून तो ताण निघून जातो, कोरड्यावर निघत नाही. म्हणूनच पाच घ्या म्हणालो. पाचही फिरवत राहिलात तर पाचही सारखे झिजतात आणि ऐनवेळी स्टेपनी परकी वाटत नाही.

आता तुमच्या मित्राचा २६५. हिशेब करून दाखवतो. २४५/७५ आर १६ चा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर, २६५/७५ आर १६ चा ८०४. व्यास ३० ने वाढला म्हणजे गाडी खालून १५ मिलिमीटर उंच झाली, दीड सेंटीमीटर. त्याच्या बदल्यात चाकाचा घेर जवळजवळ चार टक्के वाढला. मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०४ च्या जवळपास पळत असेल. प्रत्येक गिअर चार टक्के उंच झाल्यासारखा होईल, म्हणजे भरल्या गाडीने घाट चढताना जिथे तिसरा चालत होता तिथे दुसरा घालावा लागेल. ब्रेकला जड, मोठं चाक थांबवावं लागेल. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या अस्तराला किंवा मडफ्लॅपला घासण्याची शक्यता, आणि ती मागे माल असताना, खड्ड्यात, आणखी वाढते. शिवाय रुंद टायर जांभ्यावरच्या पातळ राड्यात वर तरंगतो, तुम्हाला तर तो कापायला हवा होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करू देत नाही. माप बदललेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीच्या माणसाला बोट ठेवायला जागा मिळते. दीड सेंटीमीटरसाठी एवढं? मला नाही पटत.

घेताना तारीख बघायला विसरू नका. साइडवॉलवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. एटीचं माप हळू खपतं, त्यामुळे गोदामात पडून राहिलेला माल पिकअपवाल्याच्या गळ्यात मारला जातो. वर्षाच्या आतला मागा. पाचही एकाच तारखेचे मिळाले तर उत्तम, महिना-दोन महिन्यांचा फरक चालतो. आयएसआयचा शिक्का आहे ना तेही बघा, भारतात विकायच्या टायरवर तो लागतो.

बसवताना नवे व्हॉल्व्ह घ्या, बॅलन्सिंग करा, अलायनमेंट करा. जाड नक्षीच्या टायरला अलायनमेंटची चूक लवकर भोवते. ठोकळ्याची एक कड झिजते, दुसरी उंच राहते, हात फिरवला तर करवतीसारखं लागतं, आणि मग एटीसुद्धा एमटीसारखा ओरडायला लागतो. उपाय एकच, वेळच्या वेळी चाकं फिरवणं. सात-आठ हजार किलोमीटरला फिरवा, पाचव्या चाकासकट. मेकॅनिकला घाई असते, फिरवल्याचं बिल लावून तो फक्त पुढचे मागे करतो. स्टेपनी उतरवली का ते उभं राहून बघा. गेटअवेची स्टेपनी खाली लटकते, तिचा साखळीचा मेकॅनिझम चिखलाने गंजतो, या निमित्ताने त्याला ग्रीसही मिळेल.

कच्च्यावर चालवायचं तंत्र हा खरं तर वेगळा विषय, पण टायरशी जोडलेलं तेवढं सांगतो. चंदगडच्या बागेत रिकाम्या गाडीने चढ असेल तर सगळ्यात स्वस्त ट्रॅक्शन म्हणजे हौद्यात मागच्या धुरेच्या थोडं पुढे टाकलेली तीन-चार वाळूची पोती. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसतं, मग नक्षी कुठलीही असो, चाक गरगरतं. फोर बाय फोर चढाच्या आधी लावा, घसरायला लागल्यावर नव्हे. रुतण्याची शक्यता दिसली आणि गाडी रिकामी असेल तर हवा १८-२० पौंडांपर्यंत उतरवा, टायर लांबट पसरतो आणि पकड पटकन वाढते. भरल्या गाडीला हे करू नका, टायर डिस्कवरून निसटेल किंवा साइडवॉल चिमटेल. आणि उतरवलेली हवा डांबरीवर यायच्या आधी परत भरता यायला हवी, म्हणून बॅटरीला क्लिपने जोडायचा चांगला कॉम्प्रेसर गाडीत ठेवा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या छोट्या पंपांना या मापाचा टायर भरताना घाम फुटतो.

बदलायचे कधी? कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर असली तरी टायर चालतो. नव्या एलटी एटीला साधारण १० ते १२ मिलिमीटर खोली असते. ती पाच-सहावर आली की डांबरावर टायर अजून बरेच दिवस जाईल, पण चिखलात तो साधा टायर झाला असं समजा. तुमच्या बाबतीत मी असं करेन: मे महिन्यात खोली मोजायची, सहाच्या खाली असेल तर त्याच वेळी बदलायचे, म्हणजे पावसाळा नव्या नक्षीवर निघतो. जुने टायर ओळखीच्या कोणाला फक्त डांबरीवर चालणाऱ्या गाडीसाठी देता येतात. मे मध्ये दुकानात गर्दी नसते, भावही जरा उतरवून मिळतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर सगळेच येतात.

काट्यावरचे दोन आकडे, पुढचा आणि मागचा, आले की कळवा. मागच्या धुरेवर २,००० किलोच्या वर गेलं असेल तर सी प्रकार बाद, डी घ्यावा लागेल आणि हवाही वाढवावी लागेल. पण त्याआधी तो आकडा डिस्कच्या क्षमतेत आणि आरसीवरच्या वजनात बसतो का ते बघू. नसेल बसत, तर टायरवर आणखी खर्च करण्याऐवजी चार पोती कमी टाका.